नाव आणि साक्ष : रानफुले व पक्षी यांच्या लोकप्रिय ओळखपुस्तकांच्या मराठीविषयी

१

वारजे हे मूळचे मुठेच्या डाव्या तीरावरील शेतकऱ्यांचे गाव. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मुंबईहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग त्याच्या शिवारातून गेला आणि जेथे भाजीपाल्याचे वाफे होते तेथे इमारती उभ्या राहिल्या. तथापि एका अंगास नदी आणि दुसऱ्या अंगास टेकड्या उरल्या आहेत. या टेकड्यांच्या बाजूस वनखात्याच्या उजाड जमिनीवर झाडे लावून जे वन वाढविण्यात आले, त्याचा ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर करताना नमुना म्हणून उल्लेख केला. तेव्हापासून सकाळच्या वेळी येथे गळ्यात दुर्बीण आणि हातात सचित्र पुस्तक घेतलेली माणसे अधिक संख्येने दिसू लागली आहेत. ही माणसे वनस्पतिशास्त्राची वा प्राणिशास्त्राची अभ्यासक नसतात. ती बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारी सामान्य वाचक मंडळी असतात. समोर दिसलेल्या पक्ष्याचे किंवा फुलाचे नाव समजावे एवढीच त्यांची अपेक्षा असते.

अशा वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना प्रस्तुत लेखात 'ओळखपुस्तके' असे म्हटले आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीत व मराठी प्रदेशाविषयी इंग्रजीत त्यांची संख्या बरीच वाढली. त्यांची परीक्षणेही होतात. परंतु शास्त्रज्ञ त्यांतील निर्धारण अचूक आहे की नाही एवढे पाहतो, आणि साहित्याचा समीक्षक त्यांना वाङ्मय न समजता बाजूस ठेवतो. भाषेचे लेखन म्हणून त्यांची तपासणी क्वचितच होते. वस्तुतः ओळखपुस्तक हे सर्वस्वी नामकरणावर उभे असलेले पुस्तक आहे. त्याच्या प्रत्येक पृष्ठावर एक भाषिक निर्णय घेतलेला असतो : या जीवाला लोक जी अनेक नावे देतात, त्यांपैकी कोणते शीर्षस्थानी छापावयाचे? हा निर्णय कोणत्या तत्त्वावर घेतला जातो आणि त्यात मराठीचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम या लेखनप्रकाराची घडण थोडक्यात पाहणे इष्ट होईल. शास्त्रीय वनस्पतिग्रंथ हा ओळखपुस्तकाचा पूर्वज खरा, परंतु तो सामान्यांसाठी नव्हता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, तो आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. पण तो हातात घेऊन टेकडीवर जाणाऱ्या नवख्या माणसाला केळीच्या पानाएवढेही फूल ओळखता येणार नाही. सामान्य वाचकासाठी निराळी युक्ती योजावी लागते. अमेरिकेत १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस थिओडोरा डेना यांच्या रानफुलांवरील पुस्तकात फुले कुलानुसार न लावता रंगानुसार लावली होती. १९३४ साली रॉजर टोरी पीटरसन यांनी पक्ष्यांच्या चित्रांवर बाण दाखवून 'एवढेच पाहा' असे वाचकाला सांगितले. आपल्याकडे १९४१ साली सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यांनी आकार इंचांपेक्षा ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने सांगितला : चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. ही युक्ती भाषेच्या दृष्टीनेही मार्मिक आहे. अज्ञात वस्तूचे ज्ञान ज्ञात वस्तूच्या आधारे करून देणे हा बोलीचा स्वभाव आहे आणि सालिम अलींनी तो शास्त्राच्या कामास लावला.

मराठी वाचकाच्या मनाची तयारी मात्र आधी ललित लेखनाने केली होती. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. व्यंकटेश माडगूळकरांचे रानावनावरील लेखन आणि शरदिनी डहाणूकरांची 'वृक्षगान', 'फुलवा' यांसारखी पुस्तके यांनी झाडापाखरांकडे पाहण्याची दृष्टी दिली. पण ही ओळखपुस्तके नव्हेत. ती वाचून मन प्रसन्न होते. हाती असलेले फूल कोणते ते समजेलच असे नाही. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' (२००२), श्रीकांत इंगळहळीकर यांचे 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' (२००१), किरण पुरंदरे यांची पक्षिनिरीक्षणावरील पुस्तके, संदीप श्रोत्री यांचे कासच्या पठारावरील पुस्तक या व अशा ग्रंथांनी ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. यांपैकी कोणाच्याही परिश्रमांविषयी शंका नाही. त्यांनीच वाचक निर्माण केला, म्हणून आता त्या वाचकाच्या वतीने भाषेचा प्रश्न विचारता येतो.

३

ओळखपुस्तकांतील पक्ष्यांची नावे एकत्र मांडली असता त्यांचे दोन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर बोलीतून आलेला : टिटवी, खंड्या, पावश्या, तांबट, शिंपी, सुगरण, कोतवाल, धोबी, सातभाई, हळद्या, गप्पीदास, शेकाट्या, चिखल्या. दुसरा थर पुस्तकासाठी घडविलेला : पीतकंठी चिमणी, श्वेतकंठी खंड्या, स्वर्गीय नर्तक इत्यादी. दुसऱ्या थरातील शब्द संस्कृतप्रचुर आहेत ही तक्रार वारंवार केली जाते, पण ती वरवरची आहे. संस्कृत शब्दांना मराठीत मज्जाव नाही. खरा भेद शब्दांच्या कुळात नसून नामकरणाच्या हेतूत आहे.

इंग्रजी पक्षिनामांची एक ठराविक घडण आहे : रंग, त्यानंतर शरीराचा अवयव, त्यानंतर जातीचे नाव. पांढऱ्या कंठाचा अमुक, पिवळ्या पायांचा तमुक. संग्रहालयातील पेटीत मेलेले पक्षी ओळीने मांडून ठेवले की त्यांतील भेद रंगाचा आणि अवयवाचा असतो. हे नामकरण त्या पेटीस साजेसे आहे. मराठी बोलीतील नाव सामान्यतः जिवंत पक्षी पाहून, किंवा त्याहूनही अधिक वेळा ऐकून, दिलेले असते. टिटवी आणि तिचे संस्कृत कुळातील टिट्टिभ ही दोन्ही नावे आवाजाची आहेत. तांबट, शिंपी, धोबी, कोतवाल ही नावे व्यवसायाची आहेत. तांबट पक्षी ठोके घालतो, शिंपी पाने शिवतो, धोबी पाण्याकाठी शेपटी वरखाली आपटीत असतो. चिखल्या हे नाव जागेचे आहे. पावश्याचे नाव काळाचे आहे आणि त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला 'पेरते व्हा' असे ऐकू येते. त्याच पक्ष्याच्या आवाजात हिंदुस्थानातील इंग्रजाला 'ब्रेन-फीवर', म्हणजे मेंदूचा ज्वर, ऐकू आला. पक्षी एकच आणि स्वरही तोच. एकाला त्यात पेरणी ऐकू येते आणि दुसऱ्याला उन्हाळ्यातील आजारपण. नावात पक्ष्याइतकाच ऐकणाराही असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

बुलबुलाच्या दोन जातींचे उदाहरण पाहावे. गालावर तांबडा ठिपका आणि डोक्यावर उभा तुरा असलेल्या बुलबुलास इंग्रजीत तांबड्या कल्ल्यांवरून नाव मिळाले. मराठीत त्याला 'शिपाई बुलबुल' आणि 'नारद बुलबुल' अशी नावे आहेत. इंग्रजी नाव गालावरील रंग पाहते, मराठी नावे तुरा पाहतात आणि तुऱ्यावरून माणूस पाहतात. दुसऱ्या जातीस ओळखपुस्तकांत 'लालबुड्या बुलबुल' म्हणतात. हे नाव इंग्रजी नावाचा अर्थ घेऊनच आले आहे, पण 'बुड' या रांगड्या शब्दामुळे आणि 'या' या प्रत्ययामुळे ते मराठीत सहज बसले. यावरून एक गोष्ट लक्षात यावी. नवे नाव घडविणे दोषास्पद नाही. ते कोणत्या साच्यात ओतले जाते हे महत्त्वाचे. खंड्या, पावश्या, शेकाट्या, चिखल्या, हळद्या यांतील 'या' हा प्रत्यय मराठीचा स्वतःचा साचा आहे. त्यात थोडा लडिवाळपणा, थोडी थट्टा आणि पुष्कळशी सलगी आहे. वर्गनामाला भेदक पद जोडण्याची रीतही मराठीत जुनीच आहे : रान, माळ, पाण, भुई, गाय. माळटिटवी, पाणकावळा, पाणकोंबडी, गायबगळा, रानहळद, भुईआवळा ही नावे पाहावीत. लोकांच्या जीववर्गीकरणाचा अभ्यास करणारे ब्रेंट बर्लिन यांनी जगातील अनेक भाषांत अशी द्विपदी नावे आढळतात असे दाखवून दिले आहे. मराठीचे भेदक पद पुष्कळदा स्थळाचे असते, ही नोंद आपण त्यात घालू शकतो. पिवळ्या गळ्याच्या चिमणीला 'पीतकंठी चिमणी' आणि 'रानचिमणी' ही दोन्ही नावे पुस्तकांत मिळतात. पहिले नाव तिचा गळा दाखविते, दुसरे ती कोठे भेटेल ते सांगते. प्रत्यक्ष शोधणाऱ्याला दुसऱ्याचा उपयोग अधिक.

या संदर्भात 'मुठेवरचा धोबी' या पुरंदरे यांच्या पुस्तकाचे शीर्षक मला नेहमी उद्बोधक वाटते. त्यात रंग नाही, अवयव नाही. एक नदी आहे आणि एक व्यवसाय आहे. मराठी माणूस पक्ष्याचे नाव कसे घेतो, त्याचे सगळे व्याकरण त्या दोन शब्दांत आले आहे.

४

फुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल जातो. येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका श्रावणात वारज्याच्या नदीकाठच्या पडीक जागेत एक वृद्ध बाई ओटीत पाला खुडून घेत होत्या. त्या गावच्याच, आणि एकेकाळी त्याच जमिनीवर खुरपणीस जाणाऱ्या. त्यांच्या हातात केना होता. माझ्याजवळच्या पुस्तकात केन्याचे चित्र निळ्या फुलांच्या विभागात होते. सुंदर छायाचित्र होते. निळे फूल पानभर आणि त्यामागे हिरवा धूसर पडदा. मी ते त्यांना दाखविले व म्हटले, "आजी, हा केनाच ना?" त्यांनी पुस्तक जरा दूर धरून पाहिले आणि म्हणाल्या, "आसंल. पर ह्यात पान कुठंय, ताई? फूल दुपारपतुर मिटतंय. मंग वळखायचं कशावरनं?"

या एका प्रश्नात रंगानुक्रमाने लावलेल्या सर्व ओळखपुस्तकांची समीक्षा आहे. केना भाजीसाठी खुडला जातो तो कोवळा असताना. त्या वेळी त्याला फूल असेलच असे नाही. जो भाजी खुडतो, जो तण काढतो, जो औषधाचे मूळ खणतो, त्याला वनस्पती पानावरून, देठावरून, वासावरून, उगवण्याच्या जागेवरून ओळखावी लागते. फुलोऱ्याच्या आठ-पंधरा दिवसांपुरतेच त्याचे ज्ञान असून भागत नाही. म्हणून लोकांचे वर्गीकरण भाजीची, तणाची, औषधाची, देवाला चालणारी, गुरांना न चालणारी असे असते. केना, कुर्डू, टाकळा, पाथरी, घोळ हे शब्द बोलणाऱ्याच्या मनात एका कप्प्यात असतात. ओळखपुस्तकात केना निळ्यांत, पाथरी पिवळ्यांत आणि कुर्डू गुलाबी-पांढऱ्यांत विखुरली जाते. सुटीच्या दिवशी फिरणाऱ्या वाचकासाठी ही व्यवस्था सोयीची आहे हे मान्य. तथापि ती वनस्पतीकडे पाहणाऱ्याचे एक विशिष्ट नाते गृहीत धरते. पाहणारा पाहुणा आहे आणि वनस्पती फुलली तेव्हाच तो आला आहे. नावाबरोबर हे नातेही मराठीत शिरते, आणि ते शिरल्याचे आपल्या लक्षात येत नाही.

लोकनामांत जे ज्ञान साठविलेले असते ते पुस्तक अनेकदा नाव घेते आणि टाकून देते. 'कारवी' हे नाव सर्व पुस्तकांत आहे आणि ती साधारणतः सात वर्षांनी एकदा फुलते हेही असते. पण मधल्या वर्षांत तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात, त्या कुडावरूनच सह्याद्रीतील माणूस तिला रोज ओळखतो, हे क्वचितच असते. गंमत अशी की या शब्दाची योग्यता शास्त्राने ओळखली. कारवीला निराळा वंश मानणाऱ्या ब्रेमेकांप यांनी त्या वंशाला 'कार्व्हिया' हे नाव दिले. घराच्या भिंतीतला मराठी शब्द लॅटिन पोशाखात वनस्पतिशास्त्रात गेला. उलटपक्षी सोनकीचे शास्त्रीय नाव मध्यंतरी बदलले, तिला 'ग्राहामी' म्हणत ते 'बाँबेएन्सिस' झाले. सोनकी मात्र सोनकीच राहिली. शास्त्रीय नाव स्थिर आणि लोकनाम चंचल ही आपली समजूत दर वेळी खरी ठरते असे नाही.

५

एका जीवाच्या अनेक नावांतून एकच शीर्षस्थानी ठेवताना ओळखपुस्तक नकळत समाजाचाही निवाडा करते. याची चार उदाहरणे येथे देते.

पहिले उदाहरण शिवनेरी, पुरंदर आदी गडांच्या कड्यांवर वाढणाऱ्या एका दुर्मीळ मांसल वनस्पतीचे. डालझेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 'फ्रेरिया' हे नाव दिले. मराठीत तिचे नाव 'शिंदळ माकुडी' असे नोंदलेले आहे. यातील पहिला शब्द सभ्य गृहस्थाने चारचौघांत उच्चारावा असा नाही. अलीकडे तिला 'शिवसुमन' असे नवे नाव मिळाले आहे, आणि वृत्तपत्रे व पुस्तके तेच वापरतात. शिवनेरीच्या पवित्र स्मृतीशी जोडलेले हे नाव संवर्धनाच्या कामाला उपयोगी पडते याबद्दल दुमत नसावे. परंतु ज्या गुराख्याने किंवा गवतकापणीस गेलेल्या बाईने हे पहिले नाव ठेवले, तिने त्या फुलात काय पाहिले असेल हा प्रश्न नव्या नावाबरोबर नाहीसा होतो. नावे बदलावीत. जुने नाव खोडून मात्र टाकू नये.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. पार्थेनियम या परदेशी तणाची पुण्यातील नोंद १९५६ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वारज्याच्या कोणत्याही मोकळ्या जागेत ते आज विपुल आढळते. सत्तर वर्षांच्या आत मराठीने त्याला निदान तीन नावे दिली : पानावरून गाजरगवत, फुलावरून चटकचांदणी आणि त्या काळातील सत्ताधारी पक्षावरून काँग्रेस गवत. पांढऱ्या टोप्यांशी असलेले साम्य हे या तिसऱ्या नावाचे एक स्पष्टीकरण लोक देतात. भाषेच्या अभ्यासकाला हा ठेवाच वाटावा, कारण एका शब्दाचा जन्म येथे जवळजवळ तारखेनिशी सांपडतो. पुस्तके बहुधा 'गाजरगवत' हे निरुपद्रवी नाव पसंत करतात. त्यामुळे उद्याच्या वाचकाला हे तण एका विशिष्ट दशकात आले आणि लोकांनी त्याची दखल थट्टेने घेतली, हे समजण्याचे साधन उरत नाही.

तिसरे उदाहरण कासच्या पठाराचे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली त्याचा समावेश झाल्यापासून तेथे प्रवाशांची गर्दी वाढली. स्मिथिया या वंशातील एका पिवळ्या फुलाला प्रवासी आणि त्यांना हिंडविणारे स्थानिक तरुण 'मिकी माऊस' म्हणतात. या वंशातील वनस्पतींना कवला, कोठे कवळा, असे म्हणतात आणि त्यांपैकी काहींचा कोवळा पाला भाजीसाठी खुडला जातो. 'मिकी माऊस' या नावाने शुद्धतावाद्यांना संताप येईल. मला तो येत नाही. लोकांनी आपल्या काळातील ओळखीच्या वस्तूवरून नाव दिले आहे. 'शिपाई बुलबुल' असेच जन्मले असेल. चिंता निराळी आहे. नव्या नावाबरोबर भाजी गेली. जो स्थानिक तरुण ते नाव प्रवाशाला सांगतो, त्याच्या आजीला कवला ठाऊक असणे शक्य आहे. पुस्तक त्या दोघांच्या मध्ये उभे राहू शकले असते.

चौथे उदाहरण 'दीपकाडी' या नावाचे. पावसाच्या सुरुवातीस माळावर एका सरळ दांड्यावर पांढरी फुले लागतात, त्या कंदवनस्पतीला पुस्तके दीपकाडी म्हणतात. नाव इतके मराठी आणि इतके चित्रमय आहे की ते जुने लोकनामच वाटावे. पण त्या वंशाचे शास्त्रीय नाव 'डिप्काडी' असून ते युरोपात अठराव्या शतकात दिले गेले. दोहोंतील ध्वनिसाम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. कोणा मराठी कानाने लॅटिन शब्द ऐकला आणि त्यात दीप व काडी शोधली, असाच तर्क करावा लागतो. लोकव्युत्पत्तीचा हा उलटा प्रवाह आहे. याचेच जुने भावंड म्हणजे दयाळ पक्षी. हिंदीत त्याला दहियर किंवा दहियल म्हणतात. मराठीने त्यात दया पाहिली, तर इंग्रजांनी त्याच शब्दात घड्याळाची तबकडी ऐकून 'डायल-बर्ड' केले. नावे अशी एका कानातून दुसऱ्या कानात जाताना बदलतात. हे बदल दोष नसून पुरावे आहेत, आणि एकच 'अधिकृत' नाव छापणारे पुस्तक पुरावे नष्ट करते.

६

याला एक बळकट आक्षेप घेता येईल व तो घेणे न्याय्यच आहे. एका पक्ष्याला दहा गावांत दहा नावे असतील आणि एकच नाव चार ठिकाणी चार पक्ष्यांना लागत असेल, तर नोंदी, गणना, शिक्षण आणि संवर्धन कसे चालावे? पक्षिमित्रांनी राज्यातील पक्ष्यांसाठी एकेक प्रमाण मराठी नाव ठरविण्याचे जे प्रयत्न केले ते या गरजेपोटीच. मी हा आक्षेप पूर्णपणे मान्य करते. प्रमाण नाव हवेच. प्रमाण भाषा हवी असे म्हणणारा माणूस बोलींचा शत्रू असतो असे नाही. पण प्रमाणभाषेचा कोश करताना आपण बोलीतील शब्द प्रदेशाच्या खुणेसह नोंदतो. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९६३ पासून निघालेल्या मराठी बोलींच्या पाहणीच्या खंडांनी हा दंडक घालून दिला आणि डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातही शब्द गावासह येतो. ओळखपुस्तकात मात्र नाव कोठून आले, कोणी सांगितले, याची खूण जवळजवळ कधीच नसते. 'मराठी : अमुक, तमुक, ढमुक' अशी स्वल्पविरामांनी जोडलेली एक ओळ असते. त्या स्वल्पविरामांत सावंतवाडी, मेळघाट आणि मावळ एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

जुन्या कोशांनी उलट्या बाजूने हीच चूक केली होती. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात कितीतरी नावांपुढे 'एक पक्षी' किंवा 'एक झाड' एवढाच अर्थ दिलेला असतो. तेथे शब्द होता, जीव नव्हता. ओळखपुस्तकांनी जीव दिला, चित्र दिले, पण शब्दाचा पत्ता गमावला. चितमपल्लींचे मोठेपण असे की वनखात्याच्या दीर्घ सेवेत त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून शब्द ऐकले आणि कोशकाराच्या चिकाटीने लिहून घेतले. त्यांनी स्वतः घडविलेले 'सारंगागार', 'काकागार' हे शब्द संस्कृत वळणाचे असूनही टिकाऊ आहेत, कारण ज्या गोष्टीला मराठीत शब्दच प्रचारात नव्हता तेथे ते आले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. आता त्यांना ते शब्द सांगणारी माणसेही फारशी उरली नसतील. शब्द कोणत्या पाड्यावरचा होता हे विचारण्यास उशीर झाला आहे.

हे अशक्य होते असेही नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक आदर्श आपल्या शेजारीच आहे. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत 'हॉर्टस मलबारिकस' हा वनस्पतिग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रांवर मल्याळी नावांबरोबर कोकणी नावे देवनागरी लिपीत कोरलेली आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही माहिती देणाऱ्या वैद्यांची साक्षपत्रे ग्रंथाच्या आरंभी छापली आहेत : इट्टी अच्युतन यांचे मल्याळीत, आणि रंगभट्ट, विनायक पंडित व अप्पूभट्ट यांचे कोकणीत, देवनागरी अक्षरांत. परकी सत्तेच्या अधिकाऱ्यानेही नाव सांगणाऱ्याचे नाव छापणे आवश्यक मानले. आमच्या भाषेत, आमच्या लोकांविषयी, आमच्याच वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांनी ती रीत पुढे चालवू नये, याचे कारण समजत नाही.

७

या विवेचनावरून ओळखपुस्तकांच्या लेखकांपुढे तीन सूचना ठेवता येतील. पहिली, प्रमाण नावाखाली इतर नावे देताना प्रत्येकापुढे तालुका किंवा प्रदेश द्यावा. त्यास अर्धी ओळ अधिक लागेल. दुसरी, नवे नाव घडविण्याची वेळ आलीच तर प्रथम मराठीचे स्वतःचे साचे वापरून पाहावेत. स्थळ, कृती, आवाज आणि काळ ही चार अंगे पाहूनही नाव सुचले नाही, तरच रंग व अवयव यांकडे वळावे. तिसरी, फुलाच्या चित्राशेजारी पानाचे चित्र द्यावे, आणि ती वनस्पती न फुललेल्या महिन्यांत लोक तिला कशावरून ओळखतात ते एका वाक्यात सांगावे.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र याहून मोठे काम आहे. वारज्यापासून खडकवासल्यापर्यंत मुठेच्या काठाने गेल्यास शिवणे, उत्तमनगर, कोंढवे ही गावे लागतात. त्यांतील ज्या पिढीने शेते केली ती आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. तिच्या नातवंडांना केना ठाऊक नाही आणि 'कॉमेलिना'ही ठाऊक नाही. एक वही घ्यावी. तीत नाव, सांगणाऱ्याचे गाव, व्यवसाय, वय, आणि ते नाव कोणत्या प्रसंगी निघाले एवढे पाच रकाने आखावेत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वनस्पतीची निश्चिती करून देण्यास पुण्यात जाणकार आहेत. शब्दाची निश्चिती करून देणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

त्या दिवशी आजींनी पुस्तक परत दिले आणि केन्याची एक जुडी माझ्या हातात ठेवली. "फोडणीत लसूण घाला," एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या पुस्तकात केन्याच्या फुलाचा रंग, पाकळ्यांची संख्या, उंची आणि शास्त्रीय नाव हे सर्व अचूक होते. मी घरी आल्यावर त्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने 'वारजे' असे लिहिले, आणि त्याखाली लसणीचीही नोंद केली. पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत तेवढे छापले गेले तर तो मराठीवर मोठा उपकार होईल.